शूटिंग विकत घेता येतं, पण शिकवायचं कोणी?

सामना सुरू व्हायच्या तासभर आधी मी जाऊन बसतो. इंडियानात राहायला आल्यापासूनची ही सवय. स्टँड रिकामे असतात, पॉपकॉर्नचं मशीन नुकतं तापत असतं आणि कोर्टवर मुलं आपापल्या नादात बॉल टाकत असतात. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजच्या सामन्याला असाच जाऊन बसलो होतो. पहिल्या वर्षाचा एक मुलगा, उंची सात फुटांच्या आसपास, फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, रेषेवर एकटा उभा होता. त्याने ओळीने दहा शॉट मारले. चार गेले. चुकलेले सहाच्या सहा उजवीकडे गेले.

सहाही शॉट एकाच बाजूला चुकत असतील तर त्यात नशिबाचा संबंध नसतो. मी जिना उतरून बाजूच्या रेषेजवळ गेलो आणि त्याचे हात पाहिले. बॉल उजव्या हातातून सुटत असताना डाव्या हाताचा अंगठा त्याला हलकेच ढकलत होता. डावा हात बॉलला नुसता टेकू द्यायला असतो. बॉल वर निघाला की त्याने गुपचूप बाजूला व्हायचं. ह्या मुलाचा डावा हात शेवटच्या क्षणी आपलंही काही म्हणणं मांडत होता.

ही खोड मला लगेच ओळखू आली, कारण ती माझीच होती. पुण्यात कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर, जाळी नसलेल्या रिंगखाली, आमच्या सरांनी ती घालवली. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत रुपयाचं नाणं धरायचं आणि शॉट मारायचा. नाणं पडलं की कोर्टाला एक चक्कर. पहिल्या आठवड्यात मी शॉट कमी मारले आणि पळालो जास्त. अंगठा गप्प बसायला पावसाळ्यापासून दिवाळी उलटून गेली. सरांना त्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते आणि आमची टीम विद्यापीठाच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीपलीकडे कधी गेली नाही. पण शूटिंग शिकवायची वस्तू आहे आणि ती शिकवणं आपलं काम आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्या सात फुटी मुलाला त्या रात्री सहा फ्री थ्रो मिळाले. दोन गेले. टीम चार गुणांनी हरली. बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या टीमकडे चार प्रशिक्षक, व्हिडिओ पाहणारा माणूस, आहार सांगणारा माणूस, वजनं उचलून घेणारा माणूस, सगळे आहेत. मग तो अंगठा कोणाचं काम आहे?

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल आज लांबच्या शूटिंगवर आणि फ्री थ्रोवर जिंकलं किंवा हरलं जातं. आणि नेमकं हेच शिकवण्याचं काम कॉलेजं अंगावरून झटकत चालली आहेत. मला हे चुकीचं वाटतं. खेळ म्हणून चुकीचं वाटतं, आणि ही मुलं विद्यार्थी म्हणवली जातात म्हणून तर जास्तच.

ताजी गोष्ट घेऊ. ५ एप्रिल २०२५, सॅन अँटोनिओ, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चारमधला सामना, ड्यूक विरुद्ध ह्यूस्टन. दुसऱ्या अर्ध्यात ड्यूक १४ गुणांनी पुढे होतं. शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या जरा आधीपर्यंतही सहाची आघाडी होती. मग ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पने लांबून तीन गुणांचा शॉट घातला, ड्यूकने बॉल घालवला, ह्यूस्टनने डंक केला, म्हणजे उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबला, आणि फरक एका गुणावर आला. वीस सेकंद उरली असताना ह्यूस्टनने ड्यूकच्या टायरीस प्रॉक्टरला फाउल केला. नियमाप्रमाणे वन अँड वन, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा मिळणार. प्रॉक्टर त्या हंगामात तीनच्या रेषेबाहेरून १०० पैकी ४० घालणारा मुलगा. त्याचा पहिलाच चुकला. रिंगवरून उसळलेला तो बॉल, म्हणजे रिबाउंड, पकडण्याच्या झटापटीत ड्यूककडून फाउल झाला आणि आता रेषेवर उभा राहिला ह्यूस्टनचा जे'वान रॉबर्ट्स. कॉलेजात सहावं वर्ष, शूटर म्हणून कोणीही कधी नाव न घेतलेला, रिंगखालच्या गर्दीत धक्के खाणारा गडी. त्याने दोन्ही घातले. ह्यूस्टन ७०-६७ने जिंकलं.

दोन मुलं, दोन टोकांच्या दोन रेषा, मध्ये सेकंदभराचंही अंतर नाही. सहा महिन्यांचा हंगाम तिथे येऊन ठरला. आणि त्या रेषेवर समोर बचाव करणारा कोणी नसतो, अंतर बदलत नाही, घाई नसते. १५ फूट लांब, १० फूट उंच, १८ इंच व्यासाची रिंग, हातात दहा सेकंद. शाळेच्या कोर्टवर असते तीच मापं.

सतरा वर्षं मागे गेलं तर हेच शहर, हेच अलामोडोम स्टेडियम. ७ एप्रिल २००८, अंतिम सामना, मेम्फिस विरुद्ध कॅन्सस. मेम्फिसची टीम त्या वर्षी एकच सामना हरून इथवर आली होती. फ्री थ्रो मात्र हंगामभर ६० टक्क्यांच्या आसपास. कोच जॉन कॅलिपारींना दर आठवड्याला पत्रकार ह्याबद्दल विचारायचे आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: वेळ येईल तेव्हा माझी पोरं घालतील. सामना संपायला २ मिनिटं १२ सेकंद असताना मेम्फिस ९ गुणांनी पुढे होतं. शेवटच्या सव्वा मिनिटात त्यांनी पाचपैकी चार फ्री थ्रो चुकवले. १०.८ सेकंद उरली असताना डेरिक रोझने दोनपैकी एक घातला, आघाडी तीनचीच राहिली, आणि २.१ सेकंद उरली असताना कॅन्ससच्या मारिओ चामर्सने रेषेबाहेरून तो शॉट घातला जो कॅन्ससमध्ये लहान पोरंसुद्धा दारातल्या रिंगवर नक्कल करून मारतात. ६३-६३. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८. (पुढे मेम्फिसचा तो अख्खा हंगामच नोंदींमधून काढून टाकला गेला, पण त्याची कारणं वेगळी आणि हा विषयही वेगळा.)

ह्या सामन्यात मला जे दिसतं ते असं: फ्री थ्रो आणि लांबचा शॉट ह्या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्याच नाहीत. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा देशभर लागू झाली १९८६-८७च्या हंगामात, १९ फूट ९ इंचांवर. त्याआधी शेवटच्या क्षणी तीन गुणांची आघाडी म्हणजे सामना खिशात. समोरच्याला दोनदा बॉल हवा. रेषा आली आणि तीनची आघाडी एका शॉटची झाली. मग रोझने चुकवलेल्या त्या एका फ्री थ्रोची किंमत काय? कागदावर एक गुण. प्रत्यक्षात तीन आणि चार यांच्यामधला फरक, म्हणजे सामनाच. लांबून मारणारे जितके वाढतील तितका पुढे असलेल्या टीमचा फ्री थ्रो महाग होत जाईल. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत ह्या खेळात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, आणि बदलाच्या एकाच बाजूवर भरभरून बोललं जातं.

ह्यावर आकडेवाले मित्र मला लगेच अडवतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. बास्केटबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक डीन ऑलिव्हर याने सामना जिंकायची चार कारणं मांडली: शूटिंग, बॉल न घालवणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यात फ्री थ्रोला सगळ्यात कमी वजन दिलं. तेही टक्केवारीपेक्षा रेषेवर किती वेळा जाता याला धरून. साधा हिशेब केला तरी पटतं. ६० टक्क्यांचा मुलगा दोन फ्री थ्रो मारायला उभा राहिला की सरासरी १.२ गुण मिळतात, आणि कॉलेजमधली टीम एका चढाईत साधारण एकाच्या आसपास गुण काढते. म्हणजे वाईट मारणाराही रेषेवर गेला की टीमचा फायदाच. मेम्फिस ३८ सामने जिंकली ती उगाच नव्हे.

मान्य. पण हा हिशेब हंगामभराचा आहे आणि मार्चमधली स्पर्धा हंगामभराची नसते. एक हरलं की घरी. त्यातही शेवटच्या दोन मिनिटांत मागे पडलेली टीम मुद्दाम फाउल करते आणि कोणाला करायचा हे ती स्वतः निवडते. सरासरीचा खेळ तिथे संपतो. तुमच्या पाचांतल्या सगळ्यात कच्च्या मुलाचा खेळ सुरू होतो. आणि वन अँड वन असेल तर गणितच बदलतं. ८० टक्क्यांच्या मुलाकडून त्यात सरासरी १.४४ गुण येतात. ६० टक्क्यांच्या मुलाकडून ०.९६. पहिला चुकला की दुसरा मिळतच नाही, म्हणून कच्चेपणाची शिक्षा आणखी वाढते. ६० टक्क्यांच्या मुलाला फाउल करणं म्हणजे समोरच्याला साध्या चढाईपेक्षाही कमी देणं. मागे पडलेल्या कोचला ह्याहून चांगला सौदा कुठे मिळणार?

हे कोच जिम वालव्हानोला १९८३मध्येच उमगलं होतं. नॉर्थ कॅरोलायना स्टेटची त्याची टीम त्या स्पर्धेत एकामागून एक सामने मागून येऊन जिंकली, समोरच्यांना रेषेवर पाठवून. अंतिम सामन्यात पुढ्यात होतं ह्यूस्टन, ओलाजुवॉन आणि ड्रेक्सलरचं, हवेत उडणारं, डंकसाठी देशभर गाजलेलं. बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाच्या तोंडाशी वालव्हानोने पहिल्या वर्षाच्या अल्विन फ्रँकलिनला फाउल करायला लावला. वन अँड वन. पहिला चुकला. बॉल स्टेटकडे, आणि शेवटच्या सेकंदाला लोरेन्झो चार्ल्सचा तो डंक, ५४-५२. लोकांना डंक आठवतो. मला फ्रँकलिन आठवतो. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, देशभरातले डोळे त्याच्यावर. तेच ह्यूस्टन बेचाळीस वर्षांनी प्रॉक्टरच्या चुकलेल्या वन अँड वनवर अंतिम सामन्यात गेलं, हे वाचून तिथल्या जुन्या मंडळींना काय वाटलं असेल!

लांबच्या शूटिंगबद्दल तक्रार वेगळी असते. जुने प्रेक्षक म्हणतात, आता सगळे बाहेरच उभे राहून बॉल फेकतात, आतला खेळ मेला. मला हे अर्धंच खरं वाटतं. रेषा वाढत गेली: २००८-०९मध्ये २० फूट ९ इंच, २०१९-२०मध्ये २२ फूट पावणेदोन इंच, म्हणजे आंतरराष्ट्रीय ६.७५ मीटर. महिलांसाठी हीच रेषा २०२१-२२पासून. दर वेळी असं वाटलं की आता लांबून मारणं कमी होईल. तसं झालं नाही, कारण लांबचा शॉट लहान कॉलेजांच्या हातातलं एकमेव न्याय्य हत्यार आहे. सात फुटी मुलगा हवा असेल तर मोठ्या नावाचं कॉलेज लागतं. २२ फुटांवरून घालणारा सहा फुटी मुलगा कुठेही घडू शकतो.

मेरीलँडमधलं यूएमबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, घ्या. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना हे नाव संगणकशास्त्राच्या एमएसच्या अर्जांमुळे ठाऊक असतं. बास्केटबॉलसाठी तिथे कोणी जात नाही. १६ मार्च २०१८ला त्यांची गाठ पडली व्हर्जिनियाशी, देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या टीमशी. १६वं मानांकन असलेल्या टीमने पहिल्या मानांकनाला हरवल्याचं पुरुषांच्या स्पर्धेत तोवर एकदाही घडलं नव्हतं. अर्ध्यापर्यंत २१-२१. मग यूएमबीसीच्या मुलांनी बाहेरून जे सुरू केलं त्याला व्हर्जिनियाकडे उत्तर नव्हतं. तीनच्या रेषेबाहेरून यूएमबीसी २४पैकी १२, व्हर्जिनिया २२पैकी ४. निकाल ७४-५४. वीस गुणांनी! जगातला सगळ्यात चिवट बचाव त्या रात्री निरुपयोगी ठरला, कारण दुसऱ्या टोकाला बॉल रिंगमध्ये जात नव्हता.

माझ्या राज्यातल्या पर्ड्यूवरही तेच बेतलं, पण त्यांच्या कहाणीला दुसरी बाजूही आहे. २०२३मध्ये त्यांच्याकडे झॅक ईडी होता, सात फूट चार इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. पहिल्याच फेरीत १६व्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने तीन-तीन मुलं ईडीभोवती लावली आणि बाकीच्यांना खुशाल मारू दिलं. पर्ड्यू बाहेरून २६पैकी ५. हरले, ६३-५८. पुढच्या वर्षी तोच ईडी, तेच कोच मॅट पेंटर आणि बरीचशी तीच मुलं. तीच मुलं त्या हंगामात बाहेरून ४० टक्क्यांहून जास्त घालत होती आणि टीम थेट अंतिम सामन्यात पोचली. त्या सामन्यात कनेक्टिकटच्या डॅन हर्लींनी उलटा डाव टाकला. ईडीला एकट्याने झुंजू द्या, पण बाहेरच्यांना श्वासही घेऊ देऊ नका. ईडीने ३७ गुण केले. पर्ड्यूला अख्ख्या सामन्यात तीनचे सातच शॉट मिळाले, गेला एक. ६०-७५.

दोन वर्षं, दोन पराभव, आणि दोन्हींचं कारण एकच: मध्ये कितीही मोठा माणूस उभा करा, बाहेरून मारता आलं नाही, किंवा मारायला मिळालं नाही, तर तो माणूस एकटा पडतो. आतला खेळ मेलेला नाही. त्याला आता बाहेरच्यांनी जागा करून द्यावी लागते. आणि मधल्या वर्षात पर्ड्यूने शिकवून, घोटवून आपली टक्केवारी वाढवली, ही गोष्ट मला त्या दोन्ही पराभवांपेक्षा मोलाची वाटते.

कारण शूटिंग वाढतं. हे मला ठासून सांगायचं आहे. लोक म्हणतात, हात उपजत असतो. काहींचा असतोही. पण विलानोव्हाच्या मिकाल ब्रिजेसकडे पाहा. पहिलं वर्ष त्याला बाहेर बसवून नुसता सराव करवला. खेळायला लागला त्या हंगामात तीनच्या रेषेबाहेरून ३० टक्क्यांच्याही खाली, पुढच्यात ३९, त्याच्या पुढच्यात ४३च्या वर, आणि त्याच वर्षी, २०१८मध्ये, टीम विजेती. चार वर्षं एकाच जिममध्ये, एकाच कोचच्या, जे राइटच्या, हाताखाली. २०२२मध्ये त्याच विलानोव्हाने फ्री थ्रोचा हंगाम ८२ टक्क्यांच्या वर नेऊन संपवला. देशाची सरासरी साठच्या दशकापासून ६९ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत आली आहे, अलीकडे जेमतेम सत्तरी ओलांडून गेली. विलानोव्हाची मुलं कोणी वेगळ्या मातीची नव्हती. त्यातली दोन-तीन पाचव्या वर्षाची होती, बस्स.

लुईव्हिलच्या चिनानू ओनुआकूची गोष्ट तर मला अजून आवडते. ४७ टक्क्यांच्या आसपास मारणारा हा आडदांड मुलगा २०१५-१६मध्ये दोन्ही हातांनी खालून बॉल टाकायला लागला, जुन्या काळच्या आज्यांसारखा. स्टँडमधून लोक हसले. टक्केवारी ५९च्या आसपास गेली. फ्लोरिडात कॅन्यन बॅरीने वडलांचा, रिक बॅरींचा, हाच खालून टाकायचा शॉट चालवला आणि २०१६-१७मध्ये ८८ टक्के घातले. खालून टाकलेला बॉल रिंगवर मऊ पडतो, दोन्ही हात सारखे वागतात, त्यामुळे तो दुष्ट अंगठा उरतच नाही. तरी देशभरातल्या हजारो मुलांत असं मारणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. दिसायला बरं दिसत नाही, एवढ्यासाठी मुलं पन्नास टक्क्यांवर समाधान मानतात आणि कोच ते चालवून घेतात. मला हे पाहवत नाही. विसाव्या वर्षी आपण कसे दिसतो याची काळजी मुलाने करावी. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाने नाही.

शास्त्रही मदतीला आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्याच लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाउ ट्रान यांनी संगणकावर लाखो फ्री थ्रो चालवून पाहिले. बॉल ५२ अंशांच्या आसपास सुटावा, त्याला उलटी फिरक असावी, सेकंदाला साधारण तीन फेरे, आणि नेम रिंगच्या मध्यापेक्षा जरा मागच्या कडेकडे असावा, असं त्यांनी २००८मध्ये मांडलं. आमच्या सरांनी हे अंशांत कधी सांगितलं नाही. ते म्हणायचे, "बॉल वरून पडू दे रे, आडवा नको शिरायला." अर्थ तोच.

मग अडतं कुठे? वेळेत आणि हिशेबात. हंगामात कॉलेजच्या टीमला आठवड्याला वीस तासांपलीकडे सक्तीचा सराव घेता येत नाही. त्या वीसांत डावपेच, बचाव, व्हिडिओ, वजनं. शूटिंग "मुलांनी आपलं आपण करायचं" या खात्यात जातं. आणि एकट्याने हजार शॉट मारले तर अंगठ्याची खोड जात नाही, पक्की होते. सरावाच्या शेवटी दमलेल्या मुलांकडून दहा-दहा फ्री थ्रो मारून घेणं मी कितीदा पाहिलंय. कोच तोवर फोनवर असतो, आकडा लिहायचं काम कॉलेजातल्याच एखाद्या विद्यार्थ्याकडे. त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

२०२१पासून त्यात नवी भर पडली. मुलांना आपल्या नावावर पैसे कमवता येऊ लागले, आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन त्याच वर्षी खेळताही येऊ लागलं. जून २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर कॉलेजं स्वतःच मुलांना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. मुलांना पैसे मिळतात याला माझा विरोध नाही. त्यांच्या घामावर सगळे कमवत होते, तेवढे तेच उपाशी होते. पण कोचच्या नजरेने पाहा. पहिल्या वर्षाच्या मुलाचा अंगठा सुधारायला दीड वर्ष घालवायचं, आणि तिसऱ्या वर्षी, तो ७५ टक्क्यांवर आल्यावर, दुसरं कॉलेज त्याला जास्त पैसे देऊन घेऊन जाणार. त्यापेक्षा दुसऱ्याने घडवलेला शूटर एप्रिलमध्ये उचलावा. प्रत्येक कोच असाच विचार करू लागला तर घडवणार कोण? सगळे गिऱ्हाईक, दुकानदार कोणीच नाही. मोठी कॉलेजं छोट्यांकडून उचलतील, छोटी शाळांकडून, आणि शाळेतल्या सरांच्या हातात तेवढी मुलं, तेवढा वेळ कुठे आहे?

रॉबर्ट्सचा उल्लेख मी वर मुद्दाम सविस्तर केला. सहा वर्षं एका कॉलेजात, केल्व्हिन सॅम्पसन ह्या एकाच कोचकडे. ते दोन फ्री थ्रो त्या सहा वर्षांतून आले होते. असा मुलगा आता किती टीममध्ये सापडेल?

दुसरा धोका नियमांच्या बाजूने आहे. महिलांच्या कॉलेज खेळात २०१५-१६पासून चार पर्वं आली आणि वन अँड वन गेलं. एका पर्वात पाच फाउल झाले की सरळ दोन शॉट. पुरुषांचा खेळही चार पर्वांत आणावा ही चर्चा आता जोरात आहे, आणि तसं झालं तर वन अँड वनही जाईल अशीच चिन्हं आहेत. एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये २०१९पासून याच्याही पुढची गोष्ट चालते: शेवटची दोन मिनिटं सोडली तर दोन फ्री थ्रोंऐवजी एकच मारायचा, गेला तर दोन्ही गुण. वेळ वाचतो म्हणे.

वेळ वाचतो, खरं आहे. पण कॉलेजच्या सामन्यात फ्री थ्रोपेक्षा कितीतरी जास्त वेळ जाहिरातींसाठी घेतलेले टाइमआउट आणि पुन्हा पुन्हा पाहिलेली दृश्यं खातात. त्यांना हात लावायचा नाही आणि रेषेवरच्या मुलाची दहा सेकंद मोजायची, हा उफराटा न्याय झाला. वन अँड वन हा एकच नियम असा आहे जो कच्च्या शूटिंगची शिक्षा टीमला ठळकपणे देतो. तो काढला की कोचला शिकवायचं उरलंसुरलं कारणही काढून घेतलं. चार पर्वं हवीत तर आणा. वन अँड वन ठेवा, पर्वातल्या पाचव्या फाउलपासून सुरू करा, पुढे दोन शॉट द्या. आणि महिलांच्या खेळातही ते परत आणा, ही माझी मागणी आहे, एकट्याची असली तरी.

महिलांचा विषय निघालाच आहे तर केटलिन क्लार्कबद्दल बोललंच पाहिजे. १५ फेब्रुवारी २०२४ला आयोवात तिने एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीतला महिलांचा सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला तो कोर्टच्या मधल्या चिन्हाच्या काठावरून, रेषेच्या कितीतरी मागून मारलेल्या शॉटने. तो व्हिडिओ जगभर फिरला. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, ३ मार्चला, ओहायो स्टेटविरुद्ध तिने पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला. पुरुष-महिला दोन्हींतला, चौपन्न वर्षं जुना. तो कसा? अर्धा संपायला सेकंदसुद्धा उरलं नव्हतं, समोरच्या टीमवर टेक्निकल फाउल लागला, कोर्टवर ती एकटी उभी, आणि दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले. लांबच्या शॉटला आणि फ्री थ्रोला हात तोच, मनगट तेच, शेवटी हवेत राहिलेली बोटंही तीच. माझ्या मुलीने त्या दिवशी विचारलं, "बाबा, एवढा मोठा रेकॉर्ड आणि फ्री थ्रोने?" मी म्हटलं, "अगं, म्हणूनच तर झाला." ती पटल्यासारखी दिसली नाही. पण दुसऱ्या दिवशी दारातल्या रिंगसमोर खडूने १५ फुटांवर रेषा आखलेली होती.

पैसे आणि पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायची ती सोय, परत फिरणार नाहीत, हे मला कळतं. तरी एक गोष्ट आज, नियम न बदलता, करता येईल. वीस तासांतले तीन तास शूटिंगला द्यायचे, दमल्यावर नाही, सरावाच्या सुरुवातीला. प्रत्येक मुलाचा हात बघणारा एक माणूस नेमायचा, ज्याच्याकडे दुसरं काम नसेल. एखाद्या सात फुटी मुलासाठी कॉलेज जे मोजतं त्याच्या पासंगालाही त्याचा पगार पुरणार नाही. आणि ज्या मुलाला खालून टाकून जास्त जातात त्याला खालून टाकू द्यायचं, स्टँड हसलं तर हसू दे.

मार्चच्या शेवटी सुरुवातीच्या त्या सात फुटी मुलाच्या टीमचा आणखी एक सराव बघायला मिळाला. हंगाम संपला होता, दरवाजे उघडेच होते. तो रेषेवर होता आणि बाजूला साहाय्यक कोचांपैकी सगळ्यात तरुण बाई उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पांढऱ्या टेपने एकत्र बांधली होती. पहिले तीन शॉट रिंगपर्यंत पोचलेही नाहीत. चौथा समोरच्या कडेवर आपटला. पण सरळ रेषेत. त्या काही बोलल्या नाहीत, बॉल उचलला आणि त्याच्या हातात परत दिला.

नोव्हेंबरात हंगाम सुरू होईल. पहिल्या सामन्याला मी तासभर आधी जाणार आहे. तो त्याच रंगाच्या कपड्यांत असला तर बाजूच्या रेषेजवळ जाऊन त्याचा डावा हात बघेन.